जडवस्तू क्रमांक दोनशे सतरा

भूशास्त्र विभाग बंद पडल्यावरच्या दुसऱ्या मार्चअखेरीला
साहेबांनी नोंदवही माझ्यापुढं सरकवली.
मोजा, खूण करा, उरलेलं निर्लेखनात टाका.

खडक मोजायला वेळ लागत नाही.
बेसॉल्ट, नमुने एक्केचाळीस.
कराडात दुसरं काय असणार?
वरवंट्यापासून घाटाच्या पायरीपर्यंत तोच.

दोनशे सतराला हात थांबला.
तपकिरीच्या डबीत, कापसावर
हाडाची एक चकती.
कडा सहा, मधोमध गोल,
भोवती बारक्या गोलांचा फेर.
खाली ढेकणे सरांचं मुंगीअक्षर:
आर्मडिलोचा थोरला चुलता. दक्षिण अमेरिका.

पोरांना आधी वाटायचं, खवल्या मांजर.
पाटणच्या रानात असतं, भ्यालं की अंगाचा चेंडू करतं, ते.
सर म्हणत, त्याची खवलं नखाची, मातीत जिरून जातात.
यानं कातडीत हाड पेरलं होतं.
मेला, शिवण उसवली,
हजार चकत्या पुरात पांगल्या, गाळाखाली गेल्या.
आणि पिढ्यान्‌पिढ्या नक्षी बदलत राहिली.
आई लुगड्याचा काठ बघून सांगते ना,
हे कुणाच्या लग्नातलं, तसंच हे.
दोन डोंगर शंभर कोस लांब,
पण काठ जुळला की थर एकाच वेळचे.

मी दारात उभा असायचो, हातात चहाची किटली.
मागच्या बाकावरची यास्मिन मुजावर उठली.
सर, चकतीवरून खडकाचं वय,
आणि चकतीचं वय खडकावरून?
हे म्हणजे दोघा भावांनी एकमेकांना जामीन राहणं झालं.

सर इतके हसले की चिमटीतली तपकीर सांडली.
म्हणून तिसरा साक्षीदार लागतो, बाई.
मधे कधीतरी ज्वालामुखीची राख पडून गेलेली असते.
तिच्या कणात घड्याळ असतं.
ते कुणाच्या नात्यातलं नसतं.

आणि आपल्या दगडाचं, सर?

सर खिडकीतून आगाशिवच्या डोंगराकडं बघत राहिले.
आपला दगड पेटत आला.
त्याच्यात कुणी बिऱ्हाड केलं नाही. हाडं शोधू नका.

रविवारी सगळ्यांना मसूरला नेलं, विहिरीवर.
तिम्मा धोत्रे खाली उतरलेला, पहार हातात,
वर न बघता नावं घेत होता:
मुरूम. मांजऱ्या. काळा, लई चिवट.
चाळीस फुटांवर तांबडा पट्टा लागला,
नखानं निघेल असा मऊ.
हितं थांबलावता, तिम्मा म्हणाला.
कोण?
दगड. खालचा निवला, त्याच्यावर माती धरली, पाऊस पडला.
मग वरचा आला आन् भाजून गेला. वीटच की ही.
किती वर्षं थांबला?
ते शिकल्याल्यांनी सांगावं. माझ्या मापानं अडीच हात.

परतताना एसटीत सर माझ्या शेजारी बसले होते.
म्हणाले, साडेसहा कोटी वर्षं.
त्या चकतीवाल्याच्या खापरपणज्याच्या अंगावर
पहिलं हाड उगवायचं होतं,
तेव्हा मसूरची विहीर निवून गार झाली होती.
मग पुढं काही बोलले नाहीत. उंब्रजला झोप लागली त्यांना.

नोंदवहीत एक रकाना कोरा होता: खरेदीचं वर्ष.
पावती नाही. सर नाहीत.
दोनशे सोळा, पितळी स्टोव्ह, पावती चौऱ्याहत्तरची.
दोनशे अठरा, तराजू वजनांसह, शहात्तर.
मी पेन्सिलीनं लिहिलं: पंचाहत्तर, अंदाजे.

पुरावा काय? साहेबांनी विचारलं.
म्हटलं, खालचा थर आणि वरचा थर.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग डबी उघडून बघितली.
पन्नास वर्षांची तपकीर, अजून उग्र.
सही करता करता
दोघंही शिंकलो.